डोंगराला परसदार नसतं

चिकू झाडावर पिकत नाही. उतरवायचा, धुवायचा, पोत्याखाली झाकायचा आणि वाट बघायची.

*

एके काळी मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी डहाणूचं गवत खायच्या. म्हशी गेल्या, माळ राहिले.

*

निधीच्या ऑफिसात खिळ्याला एक लांब पारदर्शक नळी टांगलेली असते. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, कोण आजारी आहे?

*

हिरव्या टाइल्स.

*

डहाणूजवळ चिखले गावात एक घर आहे, तिथे ओटीवरचा खांब आणि ओटीवरचा झोपाळा एकमेकांशी बोलतात.

*

शेवटच्यापासून सुरुवात करू.

त्या घरात दोन माणसं राहतात. धोंडूभाऊ, सत्तरीला टेकलेले, चिकूच्या वाडीचे मालक. वाडी आता ठेक्याने दिलेली. आणि त्यांच्या पत्नी बकुळाबाई. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणाल तर नाही. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, लग्नकार्याला जोडीने हजर. फक्त बोलणं बंद. मुलीची, शितलची, मुलगी जन्मली तेव्हापासून बंद, आणि ती मुलगी आता दहावीला आहे.

पण घर म्हटलं की सांगण्यासारखं काही ना काही निघतंच. तेव्हा बकुळाबाई खांबाला सांगतात आणि धोंडूभाऊ झोपाळ्याला.

"गॅस संपलाय," बकुळाबाई खांबाला म्हणतात.

"नंबर लावलाय म्हणावं," धोंडूभाऊ झोपाळ्याला.

"शितलचा फोन होता. पोरीला ताप आहे."

"किती?"

"खांबाला काय माहीत किती? फोन करून विचारावं."

असं सगळं सुरळीत चाललेलं होतं. बाहेरचं कोणी आलं तर त्याला वाटायचं, म्हातारा-म्हातारी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेला बघून बोलतात, वयानुसार होत असेल.

अशात धोंडूभाऊंनी रानशेतच्या माळावर घर बांधायचं काढलं. लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी कारणं दिली. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात. वाडीत आता आपलं काम उरलेलं नाही. माळ नुसता पडून आहे. कारणं सगळी खरी होती. त्यातलं एकही कारण घर बांधायला पुरेसं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

खरं कारण त्यांनी झोपाळ्यालाही सांगितलं नव्हतं. नव्या घरात खांब नसेल, झोपाळा नसेल, तर बकुळा बोलेल, असं त्यांना वाटत होतं. तिला बोलण्याजोगं दुसरं काही त्या घरात ठेवायचंच नाही, असा त्यांचा बेत होता.

म्हणून घराचे प्लॅन काढायला निधी आली तेव्हा त्यांनी तिला पहिलीच सूचना दिली, "खांब नको."

निधी डहाणूचीच, वयाने त्यांच्या मुलीपेक्षा लहान, पण उतारावरची घरं बांधण्यात तिचं नाव झालं होतं. ती म्हणाली, "काका, आरसीसीचं घर खांबांवरच उभं राहतं."

"मग भिंतीत लपव."

"बरं. झोपाळ्याला हूक कुठे सोडू?"

"झोपाळा नको."

निधीने मान वर केली. "डहाणूत झोपाळा नको म्हणणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटतंय."

"असू दे. आपण पहिले."

गरजा

निधीची एक पद्धत होती. किती खोल्या हव्यात, हे ती विचारायची नाही. ती विचारायची, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कुठे टाकता?

"जमिनीवर," धोंडूभाऊ म्हणाले.

निधीने ते सोडून दिलं आणि बकुळाबाईंकडे वळली. त्या ओटीच्या पायरीवर गवार मोडत बसल्या होत्या. "काकू, तुम्हाला नव्या घरात काय हवं?"

"दार," बकुळाबाई म्हणाल्या.

"दार तर असणारच, काकू."

"ते ह्यांचं. मला माझं हवंय."

धोंडूभाऊंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. इतकी वर्षं त्यांनी आपल्या परीने पुष्कळ विचार केला होता. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात आपण जेवायला थांबलो नाही, हे एक कारण असू शकतं. ट्रॅक्टर घेताना विचारलं नाही, हे दुसरं. आईच्या पाटल्या धाकट्या बहिणीला दिल्या, हे तिसरं, आणि धोंडूभाऊंचा जास्त भर ह्या तिसऱ्यावर होता. दार त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बकुळाबाईंनी निधीला सगळं सांगितलं, गवार मोडता मोडता, वाण्याकडच्या सामानाची आठवण करून द्यावी तशा आवाजात. ह्या घराला मागे एक दार होतं. पुढच्या दाराने यायची ती ह्यांची माणसं, मागच्या दाराने यायची ती माझी. मासेवाली मागून यायची, टोपली उतरवायची, उंबऱ्यावर बसायची. शेजारच्या बायका यायच्या. कोणी विरजण मागायला, कोणी नुसतीच. मग शितलच्या बाळंतपणाला मी वापीला गेले. परत आले तर तिथे बाथरूम.

"सरप्राइज होतं ते," धोंडूभाऊ झोपाळ्याला म्हणाले.

आणि ते खरंच होतं. रात्री-अपरात्री हिला अंगणातून न्हाणीत जावं लागू नये म्हणून त्यांनी हौसेने करून घेतलं होतं. गीझर, शॉवर, खाली हिरव्या टाइल्स. चिखल्यात तेव्हा तशी बाथरूम दुसऱ्या कोणाकडे नव्हती. आणि ती बसवायला घरात जागा म्हणाल तर मागच्या दाराचीच होती. वापीहून आल्यावर बकुळाबाई नेहमीसारख्या घरभर चालत थेट मागे गेल्या, टाइल्सपाशी उभ्या राहिल्या, परत ओटीवर आल्या आणि खांबाकडे बघून म्हणाल्या, "छान झालंय."

त्यांनी खांबाला सांगितलेली ती पहिली गोष्ट. धोंडूभाऊंनी ती आजवर स्तुती म्हणून जपून ठेवली होती.

"दारासाठी?" त्यांनी आता झोपाळ्याला विचारलं.

"दारासाठी," बकुळाबाईंनी खांबाला सांगितलं.

निधीने एकदा खांबाकडे बघितलं, एकदा झोपाळ्याकडे. "मग इथलंच दार पुन्हा फोडू या की. नवीन घर कशाला?"

"मागे आता शेजारच्या नविनने कंपाउंड घातलंय," बकुळाबाई म्हणाल्या. "दार उघडलं तर भिंत दिसेल. आणि त्या बायका तरी कुठे राहिल्यात? सगळ्या पुढून येतात, बेल वाजवतात आणि विचारतात, शेट आहेत का."

धोंडूभाऊंनी मनात जुळवून पाहिलं. म्हणजे ती रोज सकाळी तिच्याच दारात उभी राहून, त्यांच्या हौसेच्या गीझरच्या पाण्याने, त्यांच्यावर रागावून आंघोळ करत होती. आणि बाहेर आल्यावर टाइल्स पुसूनही घेत होती.

उतार

माळ धोंडूभाऊंच्या आजोबांनी गवतासाठी घेतलेला. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, खालच्या अंगाला ओढा, मधे उतार. उताराच्या मध्यावर मोहाचं एक झाड. वर रस्त्यावर उभं राहिलं आणि हवा चांगली असली तर पश्चिमेला वीजकेंद्राची चिमणी दिसते आणि तिच्यामागे समुद्राची एक रेघ. पूर्वेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर. बकुळाबाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या तिकडे हात जोडले. समुद्राकडे त्यांनी मान वळवली नाही.

"संडासाचं तोंड देवीकडे नको," धोंडूभाऊ निधीला म्हणाले. "आणि उद्या जेसीबी बोलावू. सगळं सपाट करून घेऊ."

"सपाट हवं असेल तर चिखलेच काय वाईट आहे?" निधी म्हणाली. "डोंगर कापला की पावसाळ्यात माती खाली येते, काका. तुमच्या हॉलमध्ये येईल. आपण डोंगराला हात लावायचा नाही. घरानेच पायऱ्या उतरायच्या."

तिचा मदतनीस त्या दिवशी आला नव्हता. उताराची उंची तर मोजायची होती. तिने ऑफिसातली ती नळी आणली होती. नळीत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं धरायची. जमीन कशीही असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं, आणि त्यावरून चढ किती ते कळतं. निधीने एक टोक वर धोंडूभाऊंच्या हातात दिलं, दुसरं खाली मोहापाशी बकुळाबाईंच्या.

"काकू, वर धरा. अजून. काका, तुम्ही खाली."

"हलवू नये म्हणावं," धोंडूभाऊ म्हणाले.

"काकूंना ऐकू येतंय, काका."

"मी नळीला सांगत होतो."

खालून बकुळाबाईंचा आवाज आला, "नळी हलत नाहीये म्हणावं. वरच्या माणसाचा हात थरथरतोय."

पाणी स्थिर व्हायला बराच वेळ गेला.

तेवढ्यात मोहामागून एक बाई आली, डोक्यावर लाकडाची मोळी. नवशी तिचं नाव, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहणारी. माळावर तिरकी उतरत जाणारी एक पायवाट होती, पाड्यावरच्या बायका तिच्यावरून रस्त्याला यायच्या. नवशीने मोळी मोहाला टेकवली, नळीकडे बघितलं, धोंडूभाऊंकडे बघितलं.

"वाट बंद करणार काय, शेट?"

धोंडूभाऊंच्या मनात चारी बाजूंनी कंपाउंड होतं, काटेरी तारेसकट. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"वाट कशाला बंद होतेय?" बकुळाबाई खालून म्हणाल्या. हातातलं नळीचं टोक त्यांनी तसंच वर धरलं होतं. "माझं दार इथं येणार आहे."

"इथं?" नवशी म्हणाली. "मग प्यायला पाणी भेटंल."

"मिळेल की. बसायलाही मिळेल."

"मग कवा बांधता?"

निधीने अजून कागदावर एक रेघही ओढलेली नव्हती. ती उतरून बकुळाबाई उभ्या होत्या तिथे गेली, वर रस्त्याकडे बघितलं, खाली वाटेकडे बघितलं, आणि खिशातून खडू काढून मोहाच्या मुळाशी असलेल्या दगडावर खूण केली.

"काका," ती वर ओरडली, "सपाटीवर घराला पुढचं दार असतं आणि मागचं असतं. डोंगराला परसदार नसतं. वरून आलात तर वरचं पुढचं, खालून आलात तर खालचं पुढचं."

"म्हणजे माझं दार मागचं होणार?"

"खालून येणाऱ्यांसाठी, हो."

धोंडूभाऊंनी ह्यावर जरा विचार केला. विचार करताना त्यांचा नळीचा हात डोकं खाजवायला वर गेला आणि खाली बकुळाबाईंच्या अंगावर पाणी सांडलं.

छेद

निधीने कागद ओटीवर पसरला. केक मधोमध कापल्यावर आतले थर दिसावेत तसं घर कापून दाखवलेलं होतं.

वर, रस्त्याच्या पातळीला, धोंडूभाऊंचं दार आणि पश्चिमेची ओटी. तिथून चिमणी दिसणार, समुद्र दिसणार. त्याच्याच पोटाखाली, एक मजला उतरून, बकुळाबाईंचं दार, पूर्वेला, पायवाटेवर. खालच्या खोल्यांची पाठ डोंगराला लागलेली, त्यामुळे दुपारचं ऊन तिथवर पोचणार नाही. स्वयंपाकघराला रुंद खिडकी. दाराला दगडी उंबरा, दोघी-तिघींना बसता येईल असा. मोह जागच्या जागी. दारापुढचा ओटाच त्याला वळसा घालून गेला होता. खांब भिंतीत लपवले होते. झोपाळा नव्हता.

बकुळाबाईंनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. मग मधल्या एका जागी बोट ठेवलं. "हे कंगव्यासारखं काय आहे?"

"जिना, काकू. आतून वर-खाली करायला."

"वर कोण जाणार?"

"तुम्ही. किंवा काका खाली येतील."

"कशाला?"

निधीने धोंडूभाऊंकडे बघितलं. धोंडूभाऊंनी झोपाळ्याकडे बघितलं.

"जेवायला," ते झोपाळ्याला म्हणाले.

"ह्यांना चहा येतो," बकुळाबाई निधीला म्हणाल्या. "वर चहापुरता ओटा काढ. डबा मी भरून ठेवीन. बाहेरून उतरायचं, घ्यायचा, बाहेरून चढायचं. चालणं होईल. डॉक्टर चालायला सांगतातच आहेत."

"काकू, पावसात?"

"छत्री आहे. कंगवा काढून टाक."

धोंडूभाऊंना त्या वेळी बोलायला हवं होतं. कागदावरचा तो कंगवा म्हणजे त्यांचं सगळं घर होतं. ज्या घरात बकुळा बोलेल म्हणून ते एवढा खटाटोप करत होते, त्या घरात आता बकुळा राहणारच नव्हती; ती खालच्या घरात राहणार होती. झोपाळा काढून टाकला, खांब लपवले, आणि हाती काय लागलं? तर मधे एक जाडजूड स्लॅब.

पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "नको तर नको म्हणावं. दोन घरं कर. आपल्याला काय."

निधीने जिना खोडला.

झोपाळ्याविना

आठवडाभराने धोंडूभाऊ एकटेच डहाणूला निधीच्या ऑफिसात गेले. घरी झोपाळ्याला सांगितलं होतं, चष्मा दुरुस्तीला टाकायचाय. चष्मा डोळ्यांवरच होता.

खुर्चीवर बसून त्यांनी पाय टेकून मागे रेटा दिला. खुर्ची हलली नाही.

"कोण आजारी आहे?" त्यांनी नळीकडे बघून विचारलं.

"काका, तुम्ही स्वतः धरली होती ती."

"हो की." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जिना लपवता येतो का?"

"लपवलेला जिना मी करत नाही."

"लपवलेला म्हणजे... कपाट म्हण त्याला. वरून कपाट दिसेल. खालून काही दिसणार नाही."

"आणि कधीतरी कपाटातून खाली उतराल आणि काकूंच्या स्वयंपाकघरात उभे राहाल?"

धोंडूभाऊंनी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. बकुळाबाईंच्या हातात उलथणं होतं.

"नको," ते म्हणाले.

निधीला बहुतेक दया आली. तसं तिने दाखवलं नाही. "एक करता येईल. स्लॅब टाकताना जिन्यापुरती जागा मोकळी सोडते आणि फळ्यांनी झाकून टाकते. कधी लागलाच तर जिना लावता येईल. नाही लागला तर फळ्या आहेतच. स्लॅब एकदा टाकल्यावर फोडायचा म्हणजे घर हादरतं."

"चालेल. तिला सांगू नकोस."

"सांगणार, काका. घर दोघांचं आहे."

"मग राहू दे."

"आता मी काढलं," निधी म्हणाली, आणि खरंच तिने बोलता बोलता पेन्सिलीने स्लॅबमध्ये एक चौकोन काढला होता.

धोंडूभाऊ घरी आले. त्यानंतर रोज ते बकुळाबाईंच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. खांबालाही कोणी काही सांगितलं नाही. निधी विसरली असणार, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं.

दोन पूजा

"घरं दोन, तर पूजा दोन," बकुळाबाई खांबाला म्हणाल्या.

भूमिपूजनाला तलासरीहून मनिष गुरुजी मोटरसायकलवर आले. तरुण होते, व्यवहारी होते, दुपारी त्यांना उंबरगावला दुसरं काम होतं. त्यांना परिस्थिती सांगितली. हेल्मेट काढून त्यांनी ती पुन्हा एकदा ऐकली.

"एका प्लॉटवर दोन भूमिपूजनं मी केलेली नाहीत," ते म्हणाले, "पण करू नयेत असंही कुठे वाचलेलं नाही. काका, काकू, बसा."

"ही माझी पूजा नाही," बकुळाबाई निधीला म्हणाल्या. "माझी खाली आहे."

"पण यजमानांना पत्नी लागते," गुरुजी म्हणाले. "बायकोने हाताला हात लावायचा असतो. पत्नी हजर नसली तर तिच्या जागी सुपारी घेऊन बसतात, ते वेगळं."

"सुपारी द्या," धोंडूभाऊ म्हणाले.

"अहो, पण काकू समोर उभ्या आहेत."

"बसणार नाहीत त्या," निधी म्हणाली.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मग हजर नाहीत असं धरू." त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढली. "ही काकू. कमरेला खोचा."

धोंडूभाऊंनी पँट घातली होती, तीही पट्ट्याची. खोचायला काही नव्हतं.

"शर्टाच्या खिशात चालेल," गुरुजी म्हणाले. "उलट जास्त जवळ."

अशी वरच्या घराची पूजा झाली. धोंडूभाऊंनी सुपारीसह संकल्प सोडला, कुदळ मारली, नारळ फोडला. बकुळाबाई हाताच्या अंतरावर पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि गुरुजींच्या मंत्रांकडे लक्ष देत होत्या. पाट उतारावर असल्याने धोंडूभाऊ मधूनमधून त्यांच्या दिशेने घसरत आणि सावरून पुन्हा वर सरकत.

मग सगळे खाली मोहापाशी गेले. इथे गुरुजी पुन्हा अडले. नवरा हयात असताना बाईने एकटीने पूजेला बसायचं, तेही सुपारी घेऊन, हे त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

"आता आलं ऐकण्यात," बकुळाबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

गुरुजींनी दिली. बकुळाबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ आवळली आणि पाटावर बसल्या. नवशी पाड्यावरच्या दोघी-तिघींना घेऊन वाटेवर येऊन बसली होती. तिने निधीला विचारलं, "शेटचा नवस हाय काय, असा लांब बसलाय?"

धोंडूभाऊ वरच्या अंगाला एका दगडावर बसले होते. ऊन चढलं होतं. खाली बकुळाबाईंची पाठ दिसत होती, आणि पदराची ती गाठ, जी ह्या घडीला ते स्वतः होते. त्यांना वाटलं, आता इथून पुढे असंच. आपण वर, ही खाली. डबा घ्यायला उतरायचं, घेऊन चढायचं. स्लॅबमधल्या फळ्यांखाली मुंग्या होतील. मंत्र लांबत चालले होते. अशा वेळी माणसाचे हात आपलं आपलं काम करतात. धोंडूभाऊंच्या एका हाताने पँटच्या खिशातून अडकित्ता काढला, दुसऱ्याने शर्टाच्या खिशातून सुपारी. रोज दुपारी ह्याच वेळेला होतं तसं, कट्कन आवाज झाला.

"आता दोन्ही सुपाऱ्या इकडे द्या," गुरुजी खालून म्हणाले. "दोन्ही एकाच खड्ड्यात ठेवायच्या. म्हणजे वास्तू एक झाली. मग तुम्ही किती का दारं ठेवा."

बकुळाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि सुपारी दिली.

"काका, तुमची?"

धोंडूभाऊंचं चघळणं थांबलं.

"काका?"

"खाल्ली," धोंडूभाऊ म्हणाले.

"काय खाल्लं?"

"सुपारी."

"कुठली सुपारी?"

"मघाची," ते म्हणाले. "काकू."

वाटेवरच्या बायकांपैकी कोणीतरी पदर तोंडात कोंबला. गुरुजींनी पोथीची दोन पानं पुढे उलटली, दोन मागे. त्यांना हवं ते सापडलं नाही.

बकुळाबाई पाटावरून उठल्या, वळल्या आणि वर दगडाकडे बघू लागल्या. तिथे खांब नव्हता. मोह त्यांच्या पाठीमागे राहिला होता. निधी बाजूला सरकली होती.

"कडक होती?" त्यांनी विचारलं.

हे आपल्याला विचारलंय, हे लक्षात यायला धोंडूभाऊंना थोडा वेळ लागला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं.

"होती," ते म्हणाले.

"दात?"

"एक हलला."

"थुंका मग."

"अर्धी गिळली."

"पूजेतली होती ती! एवढं कळत नाही? हळदकुंकवासकट खाल्लीत?"

"हळद लागली थोडी."

"मग पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल," गुरुजी म्हणाले. "नवी सुपारी घेऊन."

"पुन्हा काही नको," बकुळाबाई म्हणाल्या. "ह्या बायका केव्हाच्या उन्हात बसल्यात. मी आहे ना इथे, मग सुपारी कशाला? उभ्या उभ्या चालेल?"

"चालेल," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"या खाली," त्या धोंडूभाऊंना म्हणाल्या. "सावकाश. तिथे दगड सुटा आहे."

धोंडूभाऊ उतरले. बकुळाबाईंनी दोन बोटं त्यांच्या कोपराला लावली, तवा तापलाय का बघतात तशी. गुरुजींनी राहिलेले मंत्र भराभर म्हटले, सुपारी खड्ड्यात ठेवली आणि माती लोटली. नवशीने प्रसादाचे पेढे वाटले. गुरुजी हेल्मेट घालून उंबरगावला गेले.

पेढा तोंडात धरून धोंडूभाऊ मोहाखाली उभे होते. बोलायचं काय, हा आता मोठाच प्रश्न होता. झोपाळा चिखल्यात होता. शेवटी ते खड्ड्याकडे बघून म्हणाले, "स्लॅबला वर भोक ठेवलंय."

"माहितीये. निधीने तेव्हाच सांगितलं."

"मग बुजवायला नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारायची वाट बघत होते."

धोंडूभाऊंनी पेढा गिळला. हलणारा दात दुखला. "ठेवायचा का जिना?"

"उभा नको. माझे गुडघे आहेत."

"मग तिरका. निधी, तिरका होईल ना?"

"होईल, काका."

"वरच्या तोंडाला दार लागेल त्याला," बकुळाबाई म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या टीव्हीचा आवाज खाली येईल."

"दार लावू."

"आणि कडी आतून. माझ्या बाजूने."

"आणि माझ्या बाजूने काय?"

बकुळाबाईंनी जरा विचार केला.

"तुमच्या बाजूने तुम्ही दार वाजवायचं," त्या म्हणाल्या, आणि नवशीबरोबर पायवाटेने ओढ्यापर्यंत जाऊन येते म्हणून निघाल्या.

*

लग्न होऊन चिखल्याला आल्या त्या संध्याकाळी बकुळाबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. तोवर त्या तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी राहत होत्या.